जीप रवाना केल्याबद्दल आभार

बिजाटोल्याहून मेल जायचा तो तुंब्यात बसून.

मंजुषा तो केंद्राच्या फोनवर लिहायची आणि पाठवायचं बटण दाबायची. पडद्यावर एक चाक गोल गोल फिरायचं, दमायचं आणि थांबायचं. भामरागडच्या त्या कोपऱ्यात साग आहे, बिजा आहे, मोह आहे, नेटवर्क तेवढं नाही. मग डोमा तो फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळायचा. त्याच्याच घराच्या मांडवावर पिकलेला, वाळवून आतून पोखरलेला, रुंद तोंडाचा, भोपळ्याचा एक तुंबा होता. फोन त्यात, वर पळसपानांचा बोळा, आणि तुंबा खांद्याला. दोन ओढे ओलांडले की सहा किलोमीटरवर टेकडी, टेकडीवर बेहड्याचं झाड. त्या झाडाच्या तिसऱ्या फांदीवर, वारा बरा असेल तर, नेटवर्क येऊन बसायचं, पाखरू बसावं तसं. डोमा फोन फांदीला टांगायचा आणि खाली तंबाखू मळत बसायचा. एकदा टुंग वाजलं की बाईचा मेल उडाला. टुंगटुंगटुंग वाजत राहिलं की चंद्रपूरवाल्यांची उत्तरं उतरली.

डोमा चाळिशीचा, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला माडिया गडी. या कामाला तो मेल म्हणत नसे. "तुंबा चारून आणतो," म्हणायचा, आणि निघायचा.

केंद्र म्हणजे थांबाघर. नाल्यापलीकडच्या सात गावांतल्या, दिवस भरत आलेल्या बायांना पावसाळ्याआधी इथे आणून ठेवायचं. नाल्याच्या अलीकडे डांबरी सडक, भामरागडचा सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर. पलीकडे रानातली चाकोरी, तिच्यावर 'रानपाखर सेवा मंडळा'ची जीप तेवढी चालायची. नाला भरला की ते जग मिटून जायचं, लाजाळूचं पान मिटतं तसं, आणि आश्विनात उघडायचं. मंजुषा इथली नर्स, मूळची चिमूरची. दोन वर्षांसाठी आली होती, आठ झाली. स्वयंपाकाला गुणाबाई होती, ब्रह्मपुरीकडची. तिच्या पोटात भात कमी आणि लग्नातली गाणी जास्त, असं बाया म्हणायच्या.

यंदा मे संपता संपता सहा बाया आल्या. कोणी बैलगाडीत, कोणी नवऱ्याच्या सायकलवर, एक तर चालतच आली, डोक्यावर कोंबडीची डाल घेऊन. सातवी यायची होती, इरुकमेट्ट्याची जुरी. इरुकमेट्टा नाल्यापलीकडे अठरा किलोमीटर.

जुरीच्या पायावर सूज होती, डोकं दुखत होतं, रक्तदाब चढा होता. मंजुषा तिला पाहायला गेली, औषध दिलं आणि म्हणाली, चाल आता, चार गडी खाटेवर घेऊन येतील. जुरी उठून घराच्या मागच्या अंगाला गेली आणि कुडाला टेकून बसली. मागच्या साली ती खाटेवरच निघाली होती. खाट नाल्याशी आली तेव्हा नाला भरलेला. एक दिवस आणि एक रात्र खाट त्या काठावर राहिली. जुरी माडियात काही बोलली ते डोमाने मंजुषाला सांगितलं.

"ते म्हणते, खाटेवर भरून गेलो अन् रिकामी आलो. आता खाट दाखवू नका मले. जीप आणा, मंग येतो."

मंजुषाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आणीन. आठ वर्षांत तिने असं वचन कोणालाच दिलं नव्हतं, कारण नाल्याच्या वतीने वचन देता येत नाही एवढं ती शिकली होती. पण जीप ही नाल्याची गोष्ट नव्हती. जीप चंद्रपुरात, मुख्यालयाच्या आवारात उभी होती.

चंद्रपुरात का, तर रंगवायला. संस्थेचं नवं चिन्ह आलं होतं, एक पाखरू आणि दोन पानं, आणि ते दारावर काढायला मेच्या पहिल्या आठवड्यात जीप बोलावून घेतली होती. डाव्या दारावर पाखरू निघालं. मग प्रश्न आला, पाखराखाली काय लिहायचं? 'कार्यक्रम विभाग' की 'प्रशासन विभाग'? तेव्हापासून उजवं दार तांबड्या अस्तरावर थांबलं होतं, चालक मुखरू बाकावर बसला होता, आणि जीपखालच्या सावलीत एका कुत्रीने पाच पिल्लं घातली होती. त्या साली जीपच्या आसऱ्याने झालेलं ते पहिलं बाळंतपण.

दोन विभागांचे दोन धनी. आदेश सर कार्यक्रम संचालक. गोपाल सर प्रशासन संचालक. दोघांच्या केबिनी समोरासमोर, मधे दहा पावलं, आणि त्या दहा पावलांत तीन वर्षांत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. जे काय बोलायचं ते मेलवर. जूनच्या शेवटी मोठे संचालक निवृत्त होणार होते, ती खुर्ची रिकामी होत होती, आणि ती कोणाला द्यायची ते अध्यक्ष आशाबाई ठरवणार होत्या. आशाबाई सत्तरीच्या. त्यांना आलेला प्रत्येक मेल त्या कागदावर छापून घ्यायच्या, वाचायच्या, आणि कधीच उत्तर द्यायच्या नाहीत. त्या न बोलण्याने दोघांची झोप उडाली होती.

मंजुषाने आधी भामरागडला जाऊन फोन केला. उचलला सुरय्याने. सुरय्या कार्यालयातली सहायक, दोन्ही केबिनींच्या मधल्या टेबलावर बसणारी, म्हणजे दोन्हीकडची धूळ खाणारी.

"ताई, तोंडी सांगून काही होत नाही इथं," ती म्हणाली. "दोघंही म्हणतात, मेल टाका. मेल टाकला की दोघंही म्हणतात, पाहू."

मंजुषाने मेल टाकला. विषय, जीप परत मिळणेबाबत. जुरीचा रक्तदाब लिहिला, नाला साधारण कधी भरतो ते लिहिलं, वर आदेश सरांचं नाव आणि खाली सीसीत गोपाल सरांचं. तुंबा गेला. तुंबा आला. उत्तर गोपाल सरांचं होतं: सदर विषयात प्रशासनास केवळ माहितीस्तव ठेवण्यात आले असल्याने निर्णय घेणे प्रशासनाच्या कक्षेत येत नाही.

सीसी म्हणजे काय ते ज्याने पंगतीत दाराजवळचं पान खाल्लं आहे त्यालाच कळेल. वाढप तिथवर येतं, पण भाजी गार झालेली असते आणि पापड मोडलेला. गोपाल सर दाराजवळ बसणाऱ्यांतले नव्हते.

म्हणून मंजुषाने मेल पुन्हा लिहिला. आता गोपाल सर वर, आदेश सर सीसीत. तुंबा गेला, तुंबा आला. आदेश सरांनी लिहिलं होतं की कार्यक्रमाशी निगडित बाब कार्यक्रम विभागास डावलून मांडण्यात आल्याची खेदपूर्वक नोंद घेतली आहे. तिसऱ्यांदा तिने दोघांनाही वरच्या ओळीत बसवलं. एका ओळीत दोन माणसं बसली तरी एक आधी येतो आणि एक नंतर, याला कोण काय करणार? आदेश सर आधी आले. गोपाल सरांनी सुरय्याला बोलावून विचारलं, दोन्ही नावं एकाच वेळी पहिली दिसतील अशी संगणकात काही सोय आहे का. सुरय्या म्हणाली, शोधून सांगते सर. आणि दोन दिवस शोधल्यासारखं केलं.

त्या दोन दिवसांत नाल्यात गुडघाभर पाणी आलं.

मग मेलला पाय फुटले. आदेश सरांनी उत्तर देताना प्रशिक्षण विभाग जोडला, गोपाल सरांनी भांडार विभाग. ज्याच्याकडे माणसं जास्त त्याचं वऱ्हाड मोठं. दस्तऐवजीकरणवाला पियुष आला, लेखापाल आले, मागच्या साली राजीनामा देऊन गेलेली एक बाईसुद्धा आली, कारण तिचं नाव यादीतून काढायचं कोणी हा निर्णय व्हायचा होता. आणि या सगळ्यांच्या आड, दोघांनीही, एकमेकांना न कळता, आशाबाईंना बीसीसीत ठेवलं. बीसीसी म्हणजे कुडाआडचे कान. कुडाच्या दोन्ही अंगांनी एकच म्हातारी ऐकत होती आणि दोघांनाही वाटत होतं की ती आपल्याच अंगाला बसली आहे.

कोणी जीप नाकारली असं मात्र म्हणता येणार नाही. नाही म्हणायचं तर ते लेखी राहतं. हो म्हणायचं तर जबाबदारी आली, आणि वर दुसरा म्हणणार, जीप यांच्या विभागाची कधी झाली? म्हणून हो आणि नाही यांच्या मधली जी चिखलट वाट असते तिच्यावरून सगळे चालले होते, धोतर सावरून. 'आपल्या स्तरावर पाहावे.' 'उचित कार्यवाही अपेक्षित.' 'नोंद घेतली.' भांडार विभागाने विचारलं, रुग्णास खाट का मान्य नाही याबाबत ग्रामसभेचा ठराव जोडावा. प्रशिक्षण विभागाने सुचवलं, खाटेविषयीची भीती घालवण्यासाठी इरुकमेट्ट्यात एकदिवसीय शिबिर घेता येईल. आणि वरून लाल झेंडा लावलेला एक मेल: बिजाटोला केंद्राने दोन तासांत उत्तर द्यावे. तो लाल झेंडा बेहड्याच्या झाडावर पोचेपर्यंत तीन दिवसांचा शिळा झाला होता.

अकरा जूनला डोमा परतला तेव्हा त्याने तुंबा खाली ठेवला आणि पाय धुवायला गेला. जाताना म्हणाला, "एक्केचाळीस. फांदी वाकली."

थांबाघराच्या अंगणात बाया बसल्या होत्या. पोट घेऊन बसणाऱ्या बायांना दुपार लांब असते. गुणाबाई तांदूळ निवडत होती. मंजुषा पायरीवर बसली आणि एकेक मेल वाचू लागली. आधी मनात वाचत होती. मग गुणाबाई म्हणाली, मोठ्यानं वाच बाई, आमालेही ऐकू दे साहेबाचं. तर तिने मोठ्याने वाचलं, डोमाने दारात उभं राहून माडियात सांगितलं. 'खेदपूर्वक नोंद'ला माडियात शब्द नव्हता, तिथे डोमाने नुसतं तोंड वाकडं करून दाखवलं. बाया हसायला लागल्या. कोंबडीवाली तर पोट धरून हसली आणि मंजुषाने तिला दटावलं, हळू, इथंच होशील.

वाचता वाचता मंजुषाचा आवाज बारीक झाला. एक्केचाळीस मेल झाले होते आणि जुरीचं नाव शेवटचं आलं त्याला सव्वीस मेल उलटले होते.

गुणाबाई सूप पाखडत होती. पाखडता पाखडताच तिने म्हटलं, गात नव्हती, नुसतं म्हटलं:

"मांडवाच्या दारी दोन्ही वऱ्हाडं भांडली,
अन् वाटेत माय नवरी कुठी सांडली?"

नाल्याच्या अंगाने वारा आला, त्यात पाण्याचा वास होता.

मंजुषा म्हणाली, "मंग काय करू गुणाबाई? उद्या परवा नाला चढते. मी तिले शब्द देला हाय."

गुणाबाईने सूप बाजूला ठेवलं. तिच्या गावाकडच्या लग्नात असं नेहमी होतं, ती सांगू लागली. नवरदेवाचा मामा आणि काका, दोघांचं जुनं वैर. मांडव कोणी घालायचा? एक म्हणतो, मी घालीन, पण त्यानं नाक खुपसू नये. दुसरा म्हणतो तेच. तिथी उजाडते आणि अंगणात एक बांबू नसतो. मग जाणती बाई काय करते? ती दोघांना भांडू देते. नुसती एक करते. चार गावची माणसं बसली असताना दोघांच्या खांद्यावर दुपट्टा टाकते, हातात नारळ देते, कुंकू लावते, आणि मोठ्याने म्हणते, या दोघा भावायनं मांडव घातला, म्हून पोरीवर सावली पडली.

"पन मांडव तर घातलाच नाई त्याइनं," मंजुषा म्हणाली.

"नाई ना. पन आता नाई कसा म्हणन तो? खांद्यावर दुपट्टा पडला, चार गाव पाह्यते. मान घेतला का मानूस बांबू शोधाले धावते, बाई. अन् दुसऱ्याच्या आंधी धावते."

मंजुषाने फोन मांडीवर घेतला. मग तिने लिहायला घेतलं. आठ वर्षांत तिने कार्यालयाचे शेकडो मेल वाचले होते आणि त्यांतून एक विद्या शिकली होती: अशी वाक्यं, ज्यांत कोणीच काही करत नाही आणि तरी सगळं झालेलं असतं. ती विद्या आता कामी आली.

विषय, जीप रवाना केल्याबद्दल आभार.

'बिजाटोला केंद्राची जीप उद्या सकाळी चंद्रपूरहून रवाना होत असल्याचे समजले. मा. आदेश सर व मा. गोपाल सर यांनी वैयक्तिक लक्ष घातल्यामुळे, तसेच मा. गोपाल सर व मा. आदेश सर यांच्यातील उत्तम समन्वयामुळे हे शक्य झाले. इरुकमेट्टा येथील भगिनी जुरी व तिचे होणारे बाळ आपले ऋणी राहतील. नाला भरण्यापूर्वी जीप पोहोचेल अशी आपण दोघांनी व्यवस्था केली, याबद्दल केंद्र आभारी आहे.'

वरच्या ओळीत तिने एकच नाव लिहिलं, मा. अध्यक्ष आशाबाई. उघडं, कुडाआड नव्हे, ओसरीवर. बाकी तेवीस जण खाली पंगतीला.

डोमाने विचारलं, कोणी सांगितलं जीप निघून राह्यली म्हणून? मंजुषा म्हणाली, "समजले, असं लेहलं हाय. कोनाकडून ते लेहलं नाई." डोमाने मान डोलावली, उरलेला उजेड पाहिला आणि त्याच पावली तुंबा उचलला.

चंद्रपुरात हा मेल दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडल्यावर वाचला गेला. पुढचं सगळं सुरय्याने पाहिलं आणि नंतर कितीतरी दिवस ती ते एकटीच आठवून हसायची.

आदेश सरांनी मेल वाचला आणि त्यांचा चहा कपातच राहिला. त्यांना वाटलं, गोपालनं जीप सोडली. आपल्याला न विचारता सोडली आणि आशाबाईंसमोर दुपट्टा घेऊन मोकळा झाला, वर आपलं नाव भिडेखातर टाकायला लावलं. समोरच्या केबिनीत गोपाल सरांना नेमकं हेच उलट्या बाजूने वाटलं. दहा वाजून सोळा मिनिटांनी आदेश सरांचं सर्वांना उत्तर आलं, माझ्या कालच्या तोंडी सूचनेनुसार जीप रवाना होत आहे. दहा वाजून अठराला गोपाल सर, प्रशासनाने यापूर्वीच आदेशित केल्याप्रमाणे. भांडार विभागाने अभिनंदन केलं. पियुषने अंगठा पाठवला.

आणि दहा चोवीसला, तीन वर्षांत पहिल्यांदा, आशाबाईंचं उत्तर आलं. एक ओळ.

'दोघांचे अभिनंदन. जीप किती वाजता निघाली?'

सुरय्याने दोन्ही केबिनींची दारं एकाच वेळी उघडताना पाहिली. दहा पावलांची ती जागा, जिच्यात तीन वर्षं पाऊल पडलं नव्हतं, तिथे दोघांचे खांदे एकमेकांना घासले. जिन्यात आदेश सर पुढे होते, आवारात गोपाल सरांनी गाठलं. मुखरू बाकावरून उठला. महिनाभर उभी राहिलेली जीप चावीला 'घुर्र' म्हणाली आणि झोपली. बॅटरी उतरली होती.

"धक्का माराव लागते साहेब," मुखरू म्हणाला. "दोघं तरी पाह्यजेत."

आवारात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे खिडक्यांत वीसेक जण होते, पण आवारात नव्हतं. सुरय्याने आधी पिल्लं एकेक उचलून भिंतीच्या सावलीला ठेवली, कुत्री तिच्यामागे फिरली. मग दोन्ही संचालकांनी बाह्या दुमडल्या, जीपच्या मागे हात टेकले आणि ढकललं. ढकलतानाही दोघं एकमेकांपेक्षा अर्धं पाऊल पुढे राहायला बघत होते, म्हणून जीप वाकडी चालली, फाटकाच्या खांबाला घासली आणि मग एकदम हुंकार देऊन सुरू झाली. धूर दोघांनी सारखा खाल्ला. त्यात भेदभाव झाला नाही. वरून पियुषने फोटो घेतला, आणि पुढे वार्षिक अहवालात तो 'संघभावना' या पानावर छापला गेला.

दहा बेचाळीसला दोघांनीही आशाबाईंना कळवलं, सव्वादहाला निघाली.

मुखरूने आष्टी ते आलापल्ली ही वाट सूरजागडच्या खाणीवरच्या ट्रकांच्या धुळीत काढली, रात्री भामरागडला मुक्काम केला आणि तेराच्या सकाळी बिजाटोल्याला आला. नाल्यात मांडीभर पाणी होतं. डोमा काठी घेऊन पुढे चालला, पाण्यातले धोंडे काठीने विचारत विचारत, आणि जीप त्याच्या मागून, सासरी निघालेल्या पोरीसारखी, थांबत थांबत. मंजुषा आत बसली होती. तिने चिमूर सोडल्यापासून देवाला काही मागितलं नव्हतं, ते तिने त्या नाल्याच्या मध्यात एकदम मागून घेतलं.

जुरी घरासमोर उभी होती. खाट तिने पाडून भिंतीला उलटी लावून ठेवली होती. जीप पाहून ती पुढे आली, उजव्या दारावरच्या तांबड्या अस्तरावरून हात फिरवला, मग फिरून डाव्या दाराशी गेली आणि त्या पाखराकडे पाहत राहिली. डोमाला काहीतरी म्हणाली.

"ते म्हणते, याले चोच काऊन नाई?"

खरंच नव्हती. चोच कोणत्या दिशेला असावी, हा विषयही एका मेलात प्रलंबित होता.

परतताना पाणी बोनेटला लागलं. जुरीने डोळे मिटले नाहीत. तिने दाराच्या खिडकीतून तो काठ पाहिला, जिथे मागच्या साली खाट होती, आणि काठ मागे जाईपर्यंत पाहत राहिली. संध्याकाळी नाला भरून वाहू लागला. सोळा तारखेला भामरागडच्या दवाखान्यात जुरीला मुलगी झाली. सव्वादोन किलोची, रागीट, डोक्यावर भरपूर केस. दोघी थांबाघरात आल्या तेव्हा गुणाबाईने दारात पाणी ओवाळून टाकलं आणि पोरीच्या कानात म्हणाली, साहेबायनं धक्का मारला तवा तू आली बाई, विसरू नको.

इकडे चंद्रपुरात महिना संपला. आशाबाईंनी दोघांनाही बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की मोठ्या संचालकांना आपण एक वर्षाची मुदतवाढ देत आहोत. सोबत छापलेल्या मेलांचा गठ्ठा होता, त्यावर चष्मा ठेवला होता. दोघं खाली उतरले. आता प्रश्न उरला की जीपला मंजुरी दिली कोणी? मेल उलटसुलट चाळले. तोंडी सूचना सापडत नाही, कारण ती तोंडी. आधीचा आदेश सापडत नाही, कारण तो नव्हताच. सापडले ते फक्त आभार. आणि आभाराच्या खाली एकच नाव होतं.

गोपाल सरांनी मसुदा केला. बिजाटोला केंद्राच्या परिचारिकेस मुख्यालयात दस्तऐवजीकरण विभागात तत्काळ रुजू होण्याचे कळविण्यात येत आहे. जीपला जे पंधरा दिवसांत जमलं नव्हतं ते इथे जमलं: आदेश सरांचा होकार नऊ मिनिटांत आला. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, हे त्या दिवशी कोणी पाहिलंसुद्धा नाही.

सुरय्याने तो मेल पाठवला, कारण पाठवणं तिचं काम होतं. पण पाठवण्याआधी विषयाच्या ओळीत तिने एक शब्द वाढवला. नुसतं 'बदलीबाबत' होतं, तिने केलं 'मंजुषाताईंच्या बदलीबाबत'. फोन कोणाच्या हाती आधी पडतो ते तिला ठाऊक होतं.

जुलैची सुरुवात. भामरागडचा रस्ता त्या आठवड्यात दोनदा बंद झाला होता. दुपारची उघाड पाहून डोमा टेकडीवर गेला, फोन फांदीला टांगला, तंबाखू मळली. टुंग वाजलं. एकच. त्याने फोन उतरवला आणि पडद्यावरची वरची ओळ वाचली. अक्षर अक्षर लावून वाचली, मग पुन्हा वाचली. तंबाखू हातातच राहिली. मग त्याने फोन पन्नीत गुंडाळला, तुंब्यात ठेवला, वर बोळा घट्ट बसवला आणि निघाला.

थांबाघरात आला तेव्हा मंजुषा कोंबडीवालीचं बाळ तोलत होती. डोमा तिच्याकडे गेला नाही. सरळ चुलीपाशी गेला, गुणाबाईला चार शब्द बोलला. गुणाबाईने फोन हातात घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि तांदळाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, कोपरापर्यंत हात घालून खाली खोल ठेवून दिला.

मंजुषाने विचारलं, तुंबा आला? फोन कुठी?

"ओला झाला बाई," गुणाबाई म्हणाली. "वढ्यात पाय घसरला डोमाभाऊचा. तांदळात ठेवला हाय, सुकाले. तांदूळ पानी वढून घेते म्हणते."

मंजुषाने डोमाकडे पाहिलं. त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं, वर कोरडं. तुंबा कोरडा होता. पळसपानांचा बोळासुद्धा कोरडा होता. डोमा छताच्या कौलांकडे पाहत होता, जणू तिथून काही टपकत असावं.

मंजुषाने बाळ आईच्या मांडीवर दिलं. हात पुसले.

"किती दिस लागन सुकाले?"

गुणाबाईने थोडा विचार केला. "नवं धान येईस्तोर तरी. आताचा तांदूळ जुना हाय, हळू वढते."

मंजुषाने तोलायचा काटा उचलून खुंटीला टांगला. ती जुरीच्या खोलीकडे वळली. जुरीची भूक आता दोघींची होती, तिला दर दोन तासांनी पेज लागायची. गुणाबाईने रिकामा तुंबा ओढून घेतला, राखेने घासला, धुतला आणि त्यात ज्वारीची पेज भरली. भरता भरता तिच्या तोंडी आलं:

"तुंब्यात भरली पेज, झाकन पानाचं,
येऊ दे बाई पानी नाल्याच्या मनाचं."

डोमाने तुंबा उचलला आणि पोरीच्या रडण्याच्या दिशेने घेऊन गेला.